परदेशात प्रवेश मिळतो, खोलीचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोल्हापुरात परदेशी शिक्षणाची माहिती देणारे कार्यक्रम आता वरचेवर होतात. विद्यापीठाचं मानांकन, व्हिसा, कर्ज, पुढची नोकरी यावर तासन्‌तास बोललं जातं. राहायचं कुठं, हे मात्र कुणी काढत नाही. मी जर्मनीत डॉर्टमुंडला एम.एस. करते. तिथं आमचे पहिले काही महिने याच एका प्रश्नात जातात, म्हणून हे पत्र.

विद्यार्थी वसतिगृहांची प्रतीक्षायादी लांबलचक असते. खासगी घरमालक पगाराची पावती मागतो, समोर बसून बोलायचं म्हणतो. मंगळवार पेठेत बसून ते कसं जमणार? बरं, घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत महापालिकेत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्याला घरमालकाच्या सहीचा दाखला लागतो. तो नसला की करक्रमांकाचं पत्र येत नाही, रहिवासी परवान्याचं काम अडतं. गडहिंग्लजची माझी मैत्रीण अख्खं पहिलं सेमिस्टर एका ओळखीच्या मुलीच्या खोलीत खाली गादी टाकून राहिली. घरमालकाच्या लेखी ती तिथं नव्हतीच. कपडे कायम बॅगेत, आणि सकाळी ग्रंथालय उघडायच्या आधी ही दारात हजर. आणखी एकानं न बघितलेल्या घराचं डिपॉझिट इथूनच भरलं. ‘मी परदेशात आहे, किल्ली कुरिअरनं पाठवतो,’ असं त्याला सांगितलं होतं. घर नव्हतंच.

सरकारी विद्यापीठात बहुतेक ठिकाणी फी नाही, म्हणून पाहुण्यारावळ्यांना वाटतं सगळं फुकट आहे. व्हिसासाठी वर्षाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात. त्यातले महिन्याला ९९२ हातात येतात आणि भाडं नि आरोग्य विमा भागवताना निम्म्याहून जास्त संपतात. काम करायची मुभा वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. मी शनिवारी पहाटे बेकरीत काउंटरवर असते. कष्टाचं काही वाटत नाही. रविवारी दुकानं बंद, म्हणून भाजी-दूध शनिवारीच आणायचं. रविवारी सामायिक स्वयंपाकघरात आईच्या कांदा-लसूण चटणीचा अंड्याचा रस्सा करते. फोडणी टाकायच्या आधी खिडकी सताड उघडायची आणि दार लावून घ्यायचं. धूर दाराबाहेर मजल्यावर जाऊन अलार्म वाजला की अख्खा मजला जिना उतरून खाली येतो. डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो. अशा वेळी स्वतःचं टेबल आणि लावून घेता येईल असं दार असणं म्हणजे काय, हे तिथं राहिल्यावर कळतं.

खरं तर हे कोल्हापूरला सांगायला नको. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून इथं बोर्डिंगं उभी केली ती याचसाठी. शाळा होती, पण खेड्यातल्या पोराला पाठ टेकायला जागा नव्हती. माझे आजोबा राधानगरीकडून येऊन अशाच एका बोर्डिंगात राहून शिकले.

मेळावे घेणाऱ्यांनी त्या-त्या शहरातलं भाडं आणि वसतिगृहाच्या प्रतीक्षेचा काळ पालकांना स्पष्ट सांगावा. प्रवेशपत्र आलं की त्याच दिवशी वसतिगृहाचा अर्ज भरावा. घर आणि करार बघितल्याशिवाय एक पैसाही पाठवू नये. पहिल्या महिन्याच्या तात्पुरत्या मुक्कामाचे पैसे वेगळे ठेवावेत, आणि घरमालकाशी फोनवर बोलता येईल इतकं जर्मन इथंच शिकून जावं.

शिवाजी विद्यापीठाला आणि दसरा चौकातल्या बोर्डिंगांच्या विश्वस्तांना एक विनंती. तिकडचं नवं सत्र ऑक्टोबरात सुरू होतं आणि आमच्यातले बरेचजण ऑगस्ट-सप्टेंबरात सुट्टीला घरी असतात. वर्षातून एका संध्याकाळपुरतं सभागृह द्या. जाणाऱ्या मुलांशी आणि त्यांच्या आई-वडिलांशी आम्ही येऊन बोलू.

आपली,
एक विद्यार्थिनी, मंगळवार पेठ, कोल्हापूर