गाभडण्यामागचा छुपा परजीवी

महोदय,

गाय गाभडली की खापर फुटते धक्क्यावर, चाऱ्यावर, फार तर ब्रुसेला या जिवाणूवर. निओस्पोरा कॅनिनम या एकपेशीय परजीवीचे नाव क्वचितच निघते. तो गाईच्या शरीरात वर्षानुवर्षे दडून राहतो. गर्भ टिकावा म्हणून गाभणकाळात प्रतिकारशक्ती थोडी नमते घेते आणि तो वारेतून वासरात उतरतो. गाईच्या रक्तात अँटीबॉडी (संसर्गाशी लढणारी प्रथिने) असूनही! बरीच वासरे धडधाकट जन्मतात, तिथेच फसगत होते. तीच कालवड पुढे आपल्या वासराला संसर्ग देते. चीक पाजण्याआधी वासराचे रक्त तपासावे. नंतर तपासले तर अँटीबॉडी गर्भातल्या संसर्गाची की चिकातून आलेली, हे उमगत नाही. आणि वार कुत्र्यांपुढे टाकणे थांबवा. त्यांच्या विष्ठेतून हा परजीवी पसरतो, हे १९९८ पासून ठाऊक आहे.

– एक पशुपालक