काचेपलीकडच्या दुभाषी ताईंस

आदरणीय ताई,

सादर नमस्कार. आपले नाव मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असते तरी ते मी इथे लिहिले नसते. मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात अमेरिकेची वकिलात आहे. तिथे स्थलांतरितांच्या व्हिसाच्या मुलाखती होतात त्या दालनात आपण काचेच्या पलीकडे अधिकाऱ्यांच्या शेजारी बसला होता आणि अलीकडे मी उभी होते. मी इंदूरची गणिताची शिक्षिका, वय 41. आपल्यासमोर रोज कितीतरी माणसे येऊन उभी राहत असतील, तेव्हा मी आपल्या लक्षात असण्याचे काही कारण नाही. पण त्या दिवशी आपण एक लहानशी गोष्ट केलीत, ती महिना उलटला तरी माझ्या मनातून जात नाही. हे पत्र आपल्यापर्यंत पोहोचेल की नाही, कोण जाणे. तरीही लिहिल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

माझे हे दुसरे लग्न आहे. पहिले 26 व्या वर्षी झाले आणि 31 व्या वर्षी न्यायालयाच्या हुकूमनाम्याने संपले. पुढची नऊ वर्षे मी रामबागेत आई-वडिलांकडे राहिले. त्या काळात तोंडावर मला कोणी वाईट बोलले असे नाही. मात्र चैत्रात हळदीकुंकवाला गेल्यावर आईच्या कपाळाला कुंकू लावून बाई माझ्याकडे वळत आणि बोट करंड्यात तसेच ठेवून क्षणभर थबकत, तो क्षण मी वर्षानुवर्षे पाहिला आहे. माझ्यामागे माझ्यासाठी जे शब्द वापरले जात तेही मला माहीत होते : परत आलेली, सोडलेली. हिंदीत बोलणारे तलाकशुदा म्हणत. घटस्फोट दोघांचा झाला होता; शब्द मात्र सगळे माझ्या एकटीच्या वाट्याला आले.

गेल्या वर्षी माझे लग्न झाले. माझे पती न्यू जर्सीत राहतात, तिथले नागरिक आहेत, विधुर आहेत. वर्षाला ठरावीक संख्येनेच व्हिसा देण्याची मर्यादा नागरिकाच्या पत्नीला लागू होत नाही, त्यामुळे आमची वाट इतरांच्या मानाने लहान असायला हवी होती. ती लांबली आणि काटेरी झाली याचे कारण आमच्याच शहरातले एक सल्लागार, ज्यांच्या कार्यालयाच्या भिंतींवर परदेशी ध्वजांची रांग होती आणि ज्यांनी पहिल्याच भेटीत चाळीस हजार रुपये घेतले. त्यांनी मला दिलेला पहिला सल्ला असा होता : ‘मॅडम, पहिल्या लग्नाचा विषयच काढू नका. तिकडे कोणाला कळणार आहे?’ दुसरा सल्ला असा की आमच्या लग्नाची छायाचित्रे ‘फार गरीब’ दिसतात, तेव्हा एखादे मंगल कार्यालय एका संध्याकाळपुरते घेऊन, पाहुणे जमवून, पुन्हा हार घालून नवी छायाचित्रे काढावीत. तिसरा सल्ला, मुलाखत मराठीत मागू नये, कारण मराठीत बोलणारीला अडाणी समजतात.

मी हे सारे ऐकून घेतले, याची मला आजही लाज वाटते. त्या रात्री फोनवर पतींना सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की आय-130 या मूळ अर्जात दोघांचेही आधीचे विवाह लिहावे लागतात आणि त्यांनी माझा पहिला विवाह केव्हाच लिहिलेला आहे. पुढे आम्ही वाचले, तेव्हा कळले की व्हिसासाठी जाणूनबुजून खोटे सांगितल्याचे उघड झाले, तर त्या देशाचे दार माणसाला कायमचे बंद होऊ शकते. ती बंदी काही वर्षांनी आपोआप उठत नाही. ज्या गृहस्थांनी मला हे करायला सांगितले त्यांचे यात काहीच जाणार नव्हते. मी नकार दिल्यावर त्यांनी अर्धवट फाईल टेबलावरून माझ्याकडे सरकवली आणि पैशांचा विषय पुन्हा निघू दिला नाही. त्यानंतर हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल आणि बाकीची कागदपत्रे मी व माझ्या वडिलांनी कशी मिळवली, ते सांगत बसत नाही.

मुलाखतीच्या आधी वैद्यकीय तपासणी मुंबईतच करायची असल्याने आठवडाभर अगोदर अवंतिका एक्सप्रेसने आले आणि पार्ल्याला आतेबहिणीकडे उतरले. माझे एक मामा कधीकाळी ब्रीच कँडीच्या रांगेत पावसात उभे राहिले होते. वकिलात 2011 सालापर्यंत तिथे होती. त्यांनी निघताना एवढेच सांगितले होते की विचारतील तेवढेच सांग आणि खरे सांग. मामांचे शिक्षण फार झालेले नाही. त्या ध्वजवाल्या सल्लागारांपेक्षा त्यांना या कामातले अधिक कळत होते, असे आता वाटते.

दालनात मला जवळजवळ तीन तास बसावे लागले. फोन बाहेरच राहिलेला, हातात फक्त फाईल. खिडकीवरचे बोलणे ध्वनिवर्धकातून बाहेर येत होते, आणि ते ऐकायचे नाही असे ठरवले तरी कानावर पडत होते. एका नवविवाहित मुलीला विचारले की नवऱ्याची पहिली भेट कुठे झाली, आणि तिचे लाजरे उत्तर पुढच्या दोन बाकांनी ऐकून घेतले. कोणी हसले, त्यात दुष्टावा नव्हता. मी मात्र तेव्हापासून मनात एकच गणित मांडत बसले : माझ्या वेळी किती बाकांना ऐकू जाईल? माझ्या मागेच एक मराठी कुटुंब बसले होते, आजींसह पाच जण.

मग मला बोलावणे आले. बोटांचे ठसे घेतले, उजवा हात वर करायला सांगितला, आणि सांगेन ते खरे सांगेन ही शपथ आपण मला मराठीत दिलीत. पतींचे काम, आमची ओळख, रोजचे बोलणे, असे दोन-चार प्रश्न झाले. घाबरल्यावर माझी मराठी अधिकच इंदुरी होते. ‘आम्ही रोज रात्री फोनवर बोलून राहिलो होतो’ असे मी म्हणाले आणि जीभ चावली. आपल्या चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. इंग्रजी मला समजते, फक्त बोलताना शब्द दगा देतात, म्हणून सांगते : आपण माझे एकही वाक्य ना सुधारलेत, ना फुगवलेत.

त्यानंतर अधिकाऱ्यांनी हुकूमनामा हातात घेतला आणि इंग्रजीत विचारले की पहिले लग्न कधी आणि का संपले. मला ते कळले होते. माझे पाय थंड पडले. आपण लगेच बोलला नाहीत. आधी समोरच्या यंत्राकडे हात नेऊन आपण ध्वनिवर्धकाचा आवाज कमी केलात, खुर्ची पुढे ओढलीत आणि काचेजवळ येऊन, फक्त मला ऐकू जाईल अशा स्वरात विचारलेत : ‘आपला आधीचा विवाह कोणत्या वर्षी संपला, आणि कशामुळे?’

ताई, यात तीन-चार सेकंदांहून अधिक वेळ गेला नसेल. प्रश्न आपण बदलला नाहीत, सौम्य केला नाहीत, अधिकाऱ्यांना जे विचारायचे होते ते सगळे त्यात होते. त्यांनी विचारायलाच हवे होते. आमच्या लग्नाला अजून 2 वर्षेही झालेली नाहीत, मिळणारे वास्तव्यही सुरुवातीची 2 वर्षे सशर्तच असणार आहे, तेव्हा हे लग्न खरे आहे की कागदापुरते, हे पाहणे त्यांचे कामच आहे. पण आवाज कमी करा, असे आपल्याला कोणी सांगितले नव्हते. मी विनंतीही केली नव्हती. मागच्या बाकांकडे माझी नजर एकदाच गेली असेल, ती आपण पाहिली असावी. आणि ‘विवाह संपला’ हे शब्द! माझ्याकडे बोट न दाखवता ही गोष्ट मराठीत सांगता येते, हे इतक्या वर्षांत मला कोणी ऐकवले नव्हते. मी सावकाश, सगळे उत्तर दिले. डोळ्यांत पाणी आले नाही.

पुढे त्या ‘गरीब’ छायाचित्रांची पाळी आली. इतकी थोडी माणसे का, असे विचारले गेले. मी सांगितले की घरीच 19 माणसांत लग्न झाले. आईला माझ्यासाठी मंगलाष्टके पुन्हा एकदा ऐकायची होती, पण हॉलभर लोकांच्या नजरेसमोर नव्हे. आपण मंगलाष्टके हा शब्द तसाच ठेवून अंतरपाट म्हणजे काय ते अधिकाऱ्यांना एका वाक्यात समजावून दिलेत. त्यांनी ते छायाचित्र पुन्हा उचलून पाहिले, ज्यात अंतरपाटाचे एक टोक माझ्या वडिलांनी धरले आहे. भाड्याच्या गर्दीचे छायाचित्र मी तिथे दाखवले असते तर त्याबद्दल काय बोलले असते, या विचाराने अजून अंगावर काटा येतो.

निर्णय माझ्या बाजूने झाला. पण तो नकाराचा असता तरी हे पत्र मी लिहिले असते, कारण निर्णय आपला नव्हताच. सज्जनपणा म्हटले की आपल्याकडे दानधर्म, अन्नछत्र, मोठ्या देणग्या डोळ्यांसमोर येतात, आणि अहिल्याबाईंच्या गावात वाढलेल्या मला त्यांचे मोल ठाऊक आहे. तरीही ज्यात कोणाचे काही खर्च होत नाही आणि कोणी मोजतही नाही, असा सज्जनपणा मला आयुष्यात फार क्वचित भेटला. काम नियमानेच करायचे, पण समोरच्याला उघडे न पाडता करायचे, हे आमच्या शाळेत मीही प्रत्येक वेळी पाळले असे छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. चुकलेल्या मुलाचे गुण वर्गात मोठ्याने वाचून दाखवण्याची माझी पद्धत होती. मुंबईहून परतल्यावर ती मी बंद केली आहे. आता मुलाला टेबलाजवळ बोलावून त्याची वही त्यालाच दाखवते.

आईने आपल्यासाठी बेसनाचे लाडू पाठवायचा हट्ट धरला होता. तिथे असे काही चालत नाही हे तिला पटवताना पुरेवाट झाली. मग ती म्हणाली, निदान लिही तरी. मागच्या आठवड्यात निरोपाला आलेल्या एका काकूंनी तिला माझ्यादेखतच विचारले, ‘तिकडे हिचं पहिलं ते सगळं विचारलं असेल ना?’ आई पोळ्या लाटत होती. ती मान वर न करता म्हणाली, ‘विचारलं की. तिचा आधीचा विवाह संपला होता, तसं तिनं सांगितलं.’ एवढे बोलून तिने पुढची पोळी तव्यावर टाकली.

आपली ऋणी,
इंदूरची एक शिक्षिका