सूचनेसोबत तिचे कारणही छापा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

वेष्टनावरच्या सूचना शब्दशः पाळणाऱ्यांचे किस्से आपल्याकडे हसण्यावारी नेले जातात. मला मात्र त्यांवर हसू येत नाही, कारण अशी एक व्यक्ती आमच्या घरातच आहे.

माझ्या आत्या एक गोळी 'जेवणानंतर घ्यावी' या सूचनेप्रमाणे नेमाने घेतात. मध्यंतरी आजारपणात दोन दिवस त्यांना अन्न गेले नाही, तेव्हा त्यांनी गोळीही घेतली नाही. जेवणच झाले नाही, तर जेवणानंतरची गोळी कधी घ्यायची, असे त्यांनी मला विचारले. लेबलवरच्या शब्दांपुरते पाहिले तर त्यांचे काहीच चुकले नव्हते; जेवण न झाल्यास डॉक्टरांना विचारावे, एवढी एक ओळ तिथे असायला हवी होती.

पातळ औषधाचेही तसेच झाले. 'वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवा' हे वाचून त्यांनी ती उघडण्याच्या दिवशी मनापासून हलवली आणि नंतर कधीच नाही, कारण वापर तर सुरू झाला होता. ज्या औषधाचे कण द्रवात विरघळत नाहीत, नुसते तरंगत राहतात, त्याचा गाळ तळाशी बसतो. न हलवता घेतले तर वरचे डोस सौम्य आणि तळाचे अतितीव्र होतात. 'प्रत्येक वेळी' हे दोन शब्द आणि गाळाचा उल्लेख यांना लेबलवर फारशी जागा लागली नसती. शाम्पूवर 'धुवा आणि पुन्हा करा' असे लिहून किती वेळा ते न सांगितल्याने फारसे बिघडत नाही, औषधाच्या बाबतीत बिघडते. 'दोन चमचे' म्हणजे ५ मिलिलिटरचे दोन, घरातल्या कोणत्याही चमच्याचे नव्हेत, हेही बहुतेकांना कोणी सांगितलेले नसते.

हा केवळ वयाचा किंवा समजुतीचा दोष मानू नये. अमेरिकेत २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात वाचनाची क्षमता कमी असलेल्या रुग्णांपैकी सुमारे ७१ टक्क्यांनी 'दोन गोळ्या दिवसातून दोनदा' ही सूचना बरोबर सांगितली, पण दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवायला सांगितल्यावर जेमतेम ३५ टक्क्यांना ते जमले. म्हणजे वाचता येते, तरीही करता येत नाही.

कारण न कळल्याने उलटही घडते. 'गोळी चावू वा कुटू नये' ही सूचना अनेकांना बिनमहत्त्वाची वाटते. पण काही गोळ्या दिवसभर हळूहळू औषध सोडण्यासाठी बनवलेल्या असतात आणि कुटल्यास ते सगळे एकदमच शरीरात जाते. हे लिहिलेले असेल, तर गिळायला त्रास होणारा माणूस गोळी कुटण्याऐवजी डॉक्टरांकडून दुसरा पर्याय मागून घेईल.

म्हणून उत्पादकांना माझी विनंती आहे, की लेबल छापण्यापूर्वी ते काही सामान्य माणसांच्या हाती द्यावे आणि 'वाचून दाखवा' असे न म्हणता 'करून दाखवा' असे सांगावे.

आपली नम्र,
एक वाचक