‘पेट-सेफ’ म्हणून विकलेल्या जस्ताच्या फाशांबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार निवारण अधिकारी,
आणि ‘गेमर पेट पॅरेंट’ बंडल ज्यांच्या डोक्यातून निघालं ते व्यवस्थापन

विषय : बंडलची पूर्ण रक्कम परत मिळणे, ‘पेट-सेफ’ हा दावा ताबडतोब काढणे, आणि फासे मिठाच्या पाण्यात तरंगवून तपासायचा सल्ला देणं बंद करणे.

तुमच्या ग्राहक सेवेचा फोन आत्ताच ठेवला आहे, त्यामुळे स.न.वि.वि. वगैरे या पत्रात नाही.

टेबलाभोवती बसून खेळायच्या रोल-प्लेइंग खेळांसाठीच्या ३,४९९ रुपयांच्या या बंडलमध्ये धातूच्या सात फाशांचा संच, चुंबकाच्या झाकणाची लाकडी डबी, फासे टाकायचा ट्रे आणि ३६ बाय २४ इंचांची बॅटल मॅट, म्हणजे खेळातल्या बाहुल्या मांडायची चौकोनांची चटई, येते. माल तुमचाच आहे, तेव्हा कोणती वस्तू कशासाठी असते हे सांगत बसत नाही. निदान हे पत्र वाचणाऱ्याला ते ठाऊक असेल असं धरून चालते. फोनवरच्या मंडळींना नव्हतं.

आधी फासे. सातांच्या संचात चार, सहा, आठ, बारा आणि वीस बाजूंचा एकेक फासा आणि दहा बाजूंचे दोन फासे लागतात. दहाच्या दोन्हींपैकी एकावर ० ते ९, दुसऱ्यावर ००, १०, २० असे ९० पर्यंत. हा दुसरा म्हणजे पर्सेंटाइल; दोन्ही मिळून १ ते १०० मधला आकडा निघतो. तुम्ही ० ते ९ चेच दोन पाठवलेत. दोघांचा रंग एक, मुलामा एक, आकडे कोरायची पद्धत एक. दोन्ही वेगळ्या रंगांचे असते तर एकाला दशक आणि दुसऱ्याला एकक ठरवून वेळ मारून नेता आली असती. इथे एकामागून एक टाकत, ‘आता दशक, आता एकक’ असं प्रत्येक वेळी ओरडत खेळावं लागतं. ‘कॉल ऑफ कथुलू’सारख्या खेळात जवळजवळ प्रत्येक कौशल्याची परीक्षा टक्क्यांवर होते. तिथे हे किती वेळ चालणार?

वीस बाजूंचा फासा तर चुकीच्याच जातीचा आहे. त्यावर २० च्या शेजारी १९, १९ च्या शेजारी १८ असे आकडे ओळीने उतरत जातात. याला स्पिनडाउन म्हणतात. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ या पत्त्यांच्या खेळात २० पासून जीव मोजत खाली यायला तो सोयीचा, कारण पुढचा आकडा शोधावा लागत नाही. टाकायच्या फाशावर मोठे आणि लहान आकडे मुद्दाम विखुरलेले असतात. २० ला लागून २, ८ आणि १४ येतात, म्हणजे ओतकामात एका अंगाला थोडं वजन जास्त राहिलं तरी त्या अंगाला मोठेच किंवा लहानच आकडे गोळा होत नाहीत. स्पिनडाउनमध्ये सगळे मोठे आकडे एका बाजूला असतात. फासा जरा कलता असला, किंवा टाकणाऱ्याचा हात सरावलेला असला, की खेळ संपला. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणारं कुठलंही टेबल असा फासा दुसऱ्या मिनिटाला बाजूला काढेल. तुमच्या पानावर मात्र तो ‘प्रिसिजन बॅलन्स्ड’ आहे.

इथवरची तक्रार ही नेहमीची: माल चुकला, बदलून द्या. पण पुढची तशी नाही.

तुमच्या पानावरच्या पहिल्याच फोटोत एका लॅब्राडॉरच्या जिभेवर वीस बाजूंचा फासा ठेवलेला आहे. खाली लिहिलंय ‘शंभर टक्के पेट-सेफ’. खोक्यावर साहित्य दिलंय ‘झिंक अलॉय’, म्हणजे जस्ताचा मिश्रधातू. या दोन ओळी एकाच कंपनीतल्या दोन माणसांनी लिहिल्या असाव्यात आणि त्यांची कधी गाठ पडली नसावी.

जस्त कुत्र्याच्या पोटात विषारी असतं. जठरातल्या आम्लात ते विरघळतं, रक्तात जातं आणि तांबड्या पेशी फुटायला लागतात. आधी उलट्या आणि खाणं बंद, मग फिक्या हिरड्या आणि गडद तांबूस लघवी. तोवर वेळ बराच हातचा गेलेला असतो. अमेरिकेत पशुवैद्यांना हे प्रकरण नाण्यांमुळे चांगलं ठाऊक आहे, कारण तिथल्या १९८२ नंतरच्या एका सेंटच्या नाण्यात ९७.५ टक्के जस्त असतं आणि वर तांब्याचा पातळ मुलामा. तुमचा फासा म्हणजे तेच नाणं, फक्त जास्त जाड. मुलामा इतका पातळ की फासा दोनचारदा फरशीवर पडला की कोपऱ्यांवरून टवके उडतात आणि आतलं करडं जस्त उघडं पडतं. चार बाजूंच्या फाशाची टोकं सगळ्यात आधी जातात. हेच स्टेनलेस स्टीलचं असतं तर विषाची भीती फारशी नसती, आतड्यात अडकण्याची तेवढी राहिली असती.

‘कुत्रा धातू कशाला खाईल?’ हा प्रश्न मला फोनवर विचारला गेला. खेळाच्या टेबलावर चिवडा असतो, वेफर्स असतात, आणि त्याच बोटांनी चार तास फासे हाताळले जातात. सत्र संपेपर्यंत फाशाला मीठ, तेल आणि माणसाच्या हाताचा वास असं सगळं लागलेलं असतं. तो टेबलाखाली गेला की जमिनीवर पहारा देत बसलेल्या कुत्र्याच्या दृष्टीने ते खाणंच. सहा किंवा आठ बाजूंचा फासा मोठ्या जातीचा कुत्रा न चावता गिळतो. म्हणून कुत्री असलेल्या घरात सत्र संपल्यावर फासे मोजून डबीत ठेवतात. ज्या घरात ही सवय नाही, तिथे तुमच्या ‘पेट-सेफ’वर विश्वास ठेवला जाणार.

आणि ती डबी. तिचं झाकण बंद राहण्यासाठी कडेला चार गोल चुंबकं बसवली आहेत. खाचेत नुसता गोंदाचा ठिपका लावलाय. नखाने ढकललं तर चुंबक हातात येतं. ही निओडिमियमची, म्हणजे फार जोरात ओढणारी, असावीत, कारण एक एका बाजूला आणि दुसरं झाकणाच्या लाकडापलीकडे धरलं तरी एकमेकांना सोडत नाहीत. दोन चुंबकं थोड्या अंतराने गिळली गेली तर ती आतड्याच्या दोन वेटोळ्यांमधून एकमेकांना ओढतात, मधली भिंत चिमटली जाते आणि तिला भोक पडतं. तिथे औषध चालत नाही, शस्त्रक्रियाच लागते. जस्ताबद्दल निदान अज्ञान म्हणता येईल. लहान चुंबकांचा धोका खेळणी विकणाऱ्याला माहीत नसणं हे मला पटत नाही. खोक्याच्या एका बाजूला ‘वय १४ वर्षांपुढे’ छापायची अक्कल तुम्हाला आहे, मग दुसऱ्या बाजूला ‘मुलं आणि पाळीव प्राण्यांसाठी सुरक्षित’ कसं आलं?

ट्रे आणि मॅटबद्दल थोडक्यात. ट्रेच्या तळाला मऊ अस्तर नाही, नुसतं रेक्झिन. जड फासा त्यावरून उसळून तीन सेंटिमीटरची भिंत ओलांडतो आणि थेट जमिनीवर, म्हणजे कुत्र्याच्या हद्दीत, जातो. कोपऱ्यांची टिचबटणं शेपटीच्या एका फटक्याने सुटतात. मॅटवरचा चौकोन एक इंचाचा, म्हणजे २५.४ मिलिमीटरचा हवा. तुमचा २४ चा आहे. मध्यम आकाराच्या बाहुलीची बैठक २५ मिलिमीटरची असते, ती चौकोनात बसत नाही, आणि दोन बाहुल्या शेजारी आल्या की एकमेकींना ढकलतात. २४ इंचांच्या बाजूवर २४ चौकोन मोजून भरायला हवेत. इथे पंचविसावा पूर्ण आणि वर एक तुकडा. छापण्याआधी कोणी पट्टी लावली नाही का?

आता फोन. सविस्तर लिहिते, कारण तुमचं रेकॉर्डिंग ‘गुणवत्तेसाठी’ असतं म्हणे, तर ऐकून ताडून बघा.

वीस बाजूंच्या फाशाची अडचण सांगितल्यावर उत्तर आलं, “मॅडम, एक ते वीस सगळे नंबर आहेत ना?” आहेत. “मग प्रॉडक्ट कम्प्लीट आहे.” पर्सेंटाइल फासा नाही म्हटल्यावर, “दहाचे दोन आहेत ना मॅडम, दोघांची बेरीज करा.” दोघांची बेरीज केली तर शंभर कधीच येणार नाही, हे सांगितलं. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग कीबोर्डचा आवाज. मग कुठून तरी वाचून दाखवल्यासारखं: “बॅलन्सची तक्रार असेल तर कोमट पाण्यात मीठ विरघळवून त्यात फासा सोडा, तरंगताना त्याचा व्हिडिओ काढून पाठवा. व्हिडिओ नसेल तर क्लेम रिजेक्ट होईल.”

मी म्हटलं, ही परीक्षा प्लास्टिक किंवा रेझिनच्या फाशांची. हा धातूचा आहे.
“हो मॅडम, सगळ्या फाशांना तीच प्रोसेस आहे.”
धातू मिठाच्या पाण्यात तरंगत नाही हो.
“मीठ जास्त घाला मॅडम.”

मीठ जास्त घाला! पाण्यात मीठ मावेल तेवढं घातलं तरी त्याची घनता १.२ च्या आसपास थांबते. ॲक्रिलिकची सुमारे १.१८, म्हणून तो फासा कसाबसा तरंगतो आणि जड बाजू खाली वळते. एवढंच त्या परीक्षेचं रहस्य. जस्ताच्या मिश्रधातूची घनता ६.६ च्या घरात. तो तरंगवायचा तर पारा लागेल. तोही कुरियरने पाठवून देता का? शिवाय खाऱ्या पाण्याने मुलामा लवकर सुटतो, म्हणजे तुमच्या परीक्षेत फासा नापास होतोच, वर खराबही होतो, आणि मग ‘ग्राहकाने नुकसान केले’ म्हणायला तुम्ही मोकळे.

याहून वाईट म्हणजे हा सल्ला तुम्ही कुत्री पाळणाऱ्यांना देताय. संपृक्त पाण्यात दर १०० मिलिलिटरला सुमारे ३६ ग्रॅम मीठ असतं. किलोमागे २ ते ३ ग्रॅम मीठ कुत्र्याला बाधायला पुरतं. म्हणजे दहा किलोच्या कुत्र्याने त्या वाडग्यातलं साधारण ६० ते ९० मिलिलिटर पाणी प्यायलं तरी पुरे. समुद्रावर नेलं की लाटेचं पाणी पिणारी कुत्री ज्यांनी पाहिली आहेत, ते ‘कुत्रा खारं पाणी पीत नाही’ म्हणणार नाहीत. आपल्याकडे काहीही गिळलं की मीठ-पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपायही लोक करतात, आणि पशुवैद्य तो करू नका म्हणून घसा कोरडा करतात. त्यात तुमची भर.

मग वरिष्ठांना फोन दिला गेला. त्यांनी सांगितलं की बंडल ‘पेट सप्लाइज’ विभागात आहे, आणि त्या विभागातला माल उघडला की स्वच्छतेच्या कारणाने परत घेत नाहीत. म्हणजे पैसे परत मागितले की ही कुत्र्याची वस्तू, आणि कुत्र्याला धोका आहे म्हटलं की हा खेळ. मी जस्ताचं सगळं सांगितल्यावर त्यांचा प्रश्न होता, “तुमच्या डॉगने गिळलाय का?”

नाही.

“मग सेफच आहे ना मॅडम. गिळला तर इन्सिडेंट म्हणून वेगळं तिकीट रेज करता येईल.”

हे वाक्य व्यवस्थापनातल्या प्रत्येकाने एकदा मोठ्याने वाचावं.

खेद याचा की तुमचे जुने रेझिनचे संच खरोखर चांगले होते. कडा धारदार, आकडे स्वच्छ, आत बुडबुडे नाहीत. नव्या माणसाने कुठले फासे घेऊ विचारलं की तुमचंच नाव सांगत आले. ते आता बंद.

मला हवं ते असं. ३,४९९ रुपये पूर्ण परत, ज्या खात्यातून गेले त्यातच. वॉलेट पॉइंट नकोत, कूपन तर मुळीच नको. पानावरून ‘पेट-सेफ’ आणि तो लॅब्राडॉरचा फोटो आजच काढा. हे बंडल घेतलेल्या प्रत्येकाला मेसेज करा: फासे जस्ताचे आहेत, डबीतली चुंबकं निघतात, कुत्र्याने यातलं काही गिळल्याची शंका आली तर लक्षणांची वाट न बघता पशुवैद्याकडे न्या आणि एक्स-रे काढा, धातू त्यात दिसतो आणि जठरात असेपर्यंत तोंडातून घातलेल्या दुर्बिणीने काढता येण्याची शक्यता असते. आणि मिठाच्या पाण्याची ती स्क्रिप्ट फाडून टाका.

ई-कॉमर्स नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. नाही झालं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद होईल आणि मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला तिथे शुल्क नाही, त्यामुळे मला घाई नाही आणि खर्चही नाही. फसव्या जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज जाईल, फोटोसह. खोक्यावर आयातदाराचा पत्ता आणि मूळ देश छापलेला नाही, तेही त्यात लिहीनच.

आणि हो, पर्सेंटाइल फासा अजूनही नाही.

तुमची (आजपर्यंतची) ग्राहक,
पुणे

ता. क. : बदली संच पाठवू नका. जुना न्यायला माणूस येईल तेव्हा चार चुंबकं टेपने गुंडाळून, वर ‘गिळू नये’ असं लिहून वेगळी दिली जातील. ती मोजून घ्या आणि मिळाल्याची पावती द्या.