पदकानंतरच्या वर्षांचे काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

हिवाळी ऑलिंपिकच्या काळात मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानावर फ्रीस्कीइंगची, म्हणजे बर्फाच्या उतारावर स्कीवरून उड्या आणि कसरती करण्याच्या खेळाची, छायाचित्रे झळकतात आणि पदक वाटून झाले की विषय मिटतो. या खेळात स्त्रिया पंधरा-पंधरा वर्षे व्यावसायिक म्हणून कशा टिकतात, हे मात्र क्वचितच वाचायला मिळते. आपल्या भागात बर्फ नाही हे खरे. पण मुलींना कुस्ती-ज्युदोला पाठवणाऱ्या बेळगाव-खानापूरच्या घरांना हा प्रश्न परका नाही.

फ्रान्सच्या मारी मार्तिनोने हा खेळ सोडला होता. ती आई झाली, काही वर्षांनी परतली आणि २०१४ व २०१८ अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये तिने हाफपाइपचे रौप्यपदक मिळवले. दुसऱ्या वेळी ती ३३ वर्षांची होती. हाफपाइप म्हणजे बर्फात कोरलेली, सुमारे २२ फूट उंच भिंतींची पन्हळ; तिच्या काठावरून हवेत झेपावून, गिरक्या घेऊन पुन्हा त्याच उभ्या भिंतीवर उतरायचे असते. मार्तिनोला परत येण्याचा आग्रह करणाऱ्यांत कॅनडाची सारा बर्क होती. स्वतःला तगडी प्रतिस्पर्धी मिळावी म्हणून निवृत्त मैत्रिणीला मैदानात ओढून आणणारी खेळाडू विरळाच! मुलींची वेगळी स्पर्धा नव्हती तेव्हा सारा मुलांबरोबर उतरत असे, आणि २०११ मध्ये हाफपाइप स्कीइंगचा ऑलिंपिकमध्ये समावेश करण्याचा निर्णय झाला त्यामागे तिचा मोठा पाठपुरावा होता. जानेवारी २०१२ मध्ये अमेरिकेत सराव करताना पडून तिचा मृत्यू झाला. तो सराव प्रायोजकाच्या कार्यक्रमातला असल्याने राष्ट्रीय संघटनेचा विमा लागू झाला नाही आणि रुग्णालयाच्या बिलासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करावी लागली. जगातील अव्वल खेळाडूची ही गत, तर आपल्या गावाकडच्या मुलींची काय कथा?

जिद्द सर्वांकडेच असते. कारकीर्द लांबते ती जिद्दीच्या मागे असलेल्या व्यवस्थेमुळे, असे माझे मत आहे. कॅनडाच्याच कॅसी शार्पचे २०२१ मध्ये गुडघ्याचे लिगामेंट फाटले, तरी पुढच्याच वर्षी तिने ऑलिंपिकचे रौप्य जिंकले, कारण शस्त्रक्रिया, फिजिओ आणि प्रशिक्षक तिच्या पाठीशी होते. अमेरिकेच्या इन्ग्रिड बॅकस्ट्रॉमने पदकांपेक्षा स्कीइंगच्या चित्रपटांवर नाव कमावले आणि मातृत्वानंतरही काम चालू ठेवले. उत्पन्नाचा मार्ग एकच नसला की वयाचा धाक कमी होतो.

आपल्याकडे तुरमुरीच्या मलप्रभा जाधवने २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत कुराशचे, म्हणजे मध्य आशियातील पारंपरिक कुस्तीचे, कांस्यपदक आणले, तेव्हा अख्ख्या जिल्ह्याला अभिमान वाटला. मात्र तालुका पातळीवर चमकलेल्या कितीतरी मुली दहावी-पीयूसीनंतर दिसेनाशा होतात, आणि त्याचे खापर आपण सरसकट लग्नावर फोडतो. क्रीडाशिक्षिका म्हणून मी जे पाहिले त्यात गुडघा बऱ्याचदा लग्नाच्या आधी आडवा आला. मुलगी लंगडत घरी येते, वडील एक्स-रे काढून आणतात, एमआरआयचा खर्च ऐकून गप्प बसतात आणि आई म्हणते, ‘पुरे आता’. त्या आईला दोष देण्याचे धाडस मला होत नाही.

जत्रेतील कुस्ती मैदानांत आता मुलींच्याही कुस्त्या लावल्या जातात, याचे स्वागत आहे. हँडबिलावर देणगीदारांची नावे आणि इनामाचे आकडे ठळक छापणाऱ्या आयोजकांनी त्याच हँडबिलावर खेळाडूंच्या अपघात विम्याचीही एक ओळ छापावी आणि दसरा क्रीडा स्पर्धांच्या प्रवेश अर्जातही त्याची नोंद असावी. आपल्या वृत्तपत्राने अशा स्पर्धांची बातमी देताना विमा उतरवला होता की नाही, एवढा एक प्रश्न आयोजकांना आवर्जून विचारावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
शहापूर, बेळगाव