पहिली रायफल घेताना वेगाच्या आकड्याला भुलू नये

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कांस्यपदक मिळवल्यापासून, मुलांना नेमबाजीला घालू पाहणाऱ्या पालकांची चौकशी आमच्या भागात बरीच वाढली आहे. त्यांचा पहिला प्रश्न ‘परवडेल अशी पहिली रायफल कोणती?’ हाच असतो. दुकानात मात्र त्यांच्या हाती बहुधा ‘हाय पॉवर’ एअर रायफल दिली जाते, खोक्यावरचा सेकंदाला हजार फूट हा वेग बोट ठेवून दाखवला जातो आणि ‘टार्गेटला चालते, शिकारीलाही चालते’ अशी पुस्तीही जोडली जाते.

यातले पहिले विधान फसवे आहे आणि दुसरे बेकायदेशीर. दहा मीटर स्पर्धेत वापरल्या जाणाऱ्या 4.5 मिलिमीटरच्या रायफलीतून छर्रा सेकंदाला साधारण 170 मीटर, म्हणजे साडेपाचशे फुटांच्या आसपास वेगाने सुटतो, आणि लक्ष्यावरील दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो; तिथे जोर कामाला येत नाही, हात आणि श्वास स्थिर ठेवावा लागतो. शिवाय 2016 च्या शस्त्र नियमांनुसार 20 ज्यूलपेक्षा जास्त ऊर्जेच्या किंवा 0.177 इंचापेक्षा मोठ्या नळीच्या एअर रायफलीला परवाना लागतो. अर्ध्या ग्रॅमचा छर्रा खरोखरच हजार फुटांच्या वेगाने सुटला, तर त्याची ऊर्जा 23 ज्यूलपर्यंत जाते. तेव्हा एक तर तो आकडा हलका छर्रा वापरून फुगवलेला असतो, नाही तर ती रायफल विनापरवाना घरी नेण्याजोगी नसते. दुकानदाराला हा हिशेब जरूर विचारावा.

शिकारीबद्दल तर कुणी संदिग्धता ठेवूच नये. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार आपल्याकडे हौसेची शिकार हा गुन्हा आहे, मग शेताच्या बांधावरचा होला असो, ससा असो वा घोरपड. अशा गुन्ह्यात जप्त झालेले हत्यार दोषसिद्धीनंतर सरकारजमा होते. पिकात घुसणाऱ्या रानडुकरांचा त्रास खरा आहे, हे शेतकरी कुटुंबातला म्हणून मी जाणतो. पण त्यासाठी वनखात्याच्या परवानगीची वाट आहे, आणि छऱ्याने डुक्कर मरत नाही, जखम घेऊन दिवसेंदिवस कुढत राहते. अरुणाचल प्रदेशात 2021 मध्ये लोकांकडून एअरगन स्वेच्छेने जमा करून घेण्याची मोहीम सुरू करावी लागली, ती पाखरे आणि रानातले लहान प्राणी वाचवण्यासाठीच.

मग घ्यावे काय? माझे स्पष्ट मत असे की पहिले काही महिने काहीच घेऊ नये आणि क्लबच्या रायफलीवर सराव करावा. मुलगा टिकला, तर आपल्याकडच्या स्पर्धांतील ‘ओपन साईट’ (नळीवरच्या साध्या खाच-माशीने नेम धरण्याच्या) गटासाठी देशी बनावटीची स्प्रिंगची रायफल काही हजारांत मिळते. तिचा दट्ट्या छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच हिसका देतो, त्यामुळे ट्रिगर दाबल्यावरही रायफल न हलवण्याची शिस्त ती सक्तीने शिकवते. ‘पीप साईट’कडे, म्हणजे डोळ्याजवळच्या बारीक छिद्रातून नेम धरण्याच्या गटाकडे, वळायचे झाल्यास हवेच्या सिलिंडरची मॅच (स्पर्धेची) रायफल लागते, परदेशी बनावटीची नवी घेतली तर खर्च लाखांत जातो, म्हणून वापरलेली शोधणे शहाणपणाचे. मात्र ती पाहताना लाकडाची झिलई पाहत बसू नये, सिलिंडरवर कोरलेले महिना-वर्ष वाचावे, कारण जर्मन उत्पादक सिलिंडरच्या वापराला दहा वर्षांची मर्यादा घालतात. आणि सिलिंडरमध्ये 200 बार दाबापर्यंत हवा भरून कुठे मिळणार, हे आधी ठरवावे. तालुक्याच्या गावी तशी सोय नसेल, तर रायफल कपाटातच राहायची.

याहून महत्त्वाचे म्हणजे माप. बट (रायफलीचा मागचा दस्ता) खांद्याला टेकवल्यावर बोट ट्रिगरवर सहज पोहोचले पाहिजे आणि मान न वाकवता गाल चीकपीसवर (गाल टेकवायच्या भागावर) बसला पाहिजे. स्पर्धेत साडेपाच किलोपर्यंत वजन चालते, म्हणून बारा वर्षांच्या मुलीच्या हाती तेवढी जड रायफल देणे हा तिच्या पाठीवर अन्याय आहे. डावखुऱ्या मुलांचा विचार तर दुकानात क्वचितच होतो. रायफलीतच सगळे पैसे घालू नयेत, कारण जॅकेट आणि छर्रे यांचा खर्च पुढे उभाच असतो: रोज साठ नेम धरले, तर पाचशे छऱ्यांचा डबा आठवडाभरच पुरतो.

जिल्हा रायफल संघटनांना माझी विनंती आहे की, खेळ सोडलेल्या किंवा पुढच्या गटात गेलेल्या नेमबाजांच्या रायफली विक्रीस असतील, तर त्यांची यादी सिलिंडरच्या तारखेसह रेंजच्या फलकावर लावावी आणि खरेदीपूर्वी मुलाला ती रायफल प्रशिक्षकासमोर चालवून पाहू द्यावी.

आपला,
एक निवृत्त क्रीडाशिक्षक, कोल्हापूर