सामान स्वस्त आहे, वाळायला मात्र दिवस हवेत

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नाताळच्या घरगुती सजावटीवर आपल्या पुरवणीत पानभर मजकूर आला. तो मी कापून वहीत चिकटवला आहे. सुतळी, तरट, पुठ्ठा, आइस्क्रीमच्या काड्या, जुनी बटणं, मिठाच्या कणकेचे तारे असं हाताशी असलेलं सामान घेऊन झाड सजवा, असं एखाद्या वर्तमानपत्राने सांगावं याचा मला फार आनंद झाला. मी २६ वर्षं मुलांना हस्तकला शिकवली. त्या अनुभवावरून एक गोष्ट मात्र कळवावीशी वाटते. आपण सामानाची यादी दिलीत, कृती दिलीत, पण कोणती वस्तू वाळायला किती वेळ लागतो ते कुठेच दिलं नाहीत. आणि हा मजकूर छापून आला नाताळच्या अवघे चार दिवस आधी.

मिठाच्या कणकेचंच बघा. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि लागेल तसं, साधारण पाऊण ते एक वाटी पाणी, हे आपलं प्रमाण बरोबर आहे. कणीक घट्ट मळून अर्धा सेंटिमीटर जाडीची लाटायची आणि साच्याने तारे कापायचे, इथवर कुणाचंच काही चुकत नाही. अडतं ते पुढे. उघड्यावर ठेवलेले तारे वाळायला कित्येक दिवस लागतात, हवा दमट असेल तर आणखी जास्त. घाई म्हणून ओव्हन तापवला की ते टम्म फुगतात, कडा करपतात आणि आत ओल राहते ती राहतेच. ओव्हन १०० अंशांच्या आसपास ठेवून, मधून मधून उलटत, दोन-तीन तास तरी द्यावे लागतात. दोरा ओवायचं भोक कणीक ओली असतानाच स्ट्रॉने पाडायचं आणि जरा मोठंच पाडायचं, कारण वाळताना ते आवळतं.

एका वर्षी आम्ही असे चाळीसेक तारे केले, रंगवले आणि कागदात गुंडाळून खोक्यात ठेवले. पुढच्या डिसेंबरात खोकं उघडलं तर तारे मऊ पडलेले, रंगाचे पोपडे कागदाला चिकटलेले. ज्या मुलीने सगळ्यात बारीक नक्षी काढली होती, ती आपला तारा तळहातावर घेऊन बराच वेळ उभी होती. तिचा चेहरा अजून आठवतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, हे मला माहीत होतं. तरी मी पाठीमागच्या बाजूला आणि कडांना व्हार्निश लावून घेतलं नव्हतं. तेव्हापासून पुढून, मागून आणि कडेने असे दोन हात दिल्याशिवाय मी एकही तारा झाडावर चढू दिला नाही. घरात कुत्रा असेल तर हे तारे उंच फांदीवर बांधावेत. एवढं मीठ पोटात गेलं तर त्याच्या जिवावर बेतू शकतं.

सुतळीच्या पोकळ गोळ्यांचंही तसंच. फुगवलेल्या फुग्यावर डिंकात बुडवलेली सुतळी गुंडाळली की मुलांना तो लगेच फोडायचा असतो. एक पूर्ण दिवस थांबायला हवं. नंतर पेन्सिलीच्या मागच्या टोकाने आतला फुगा अलगद सुटा करायचा, गाठीजवळ छोटंसं भोक पाडायचं आणि हवा हळूहळू जाऊ द्यायची. संत्र्याच्या चकत्या अर्ध्या सेंटिमीटरच्या कापून, टिपून घेऊन मंद आचेच्या ओव्हनमध्ये तीन-चार तास ठेवाव्या लागतात. पुरत्या सुकल्या नाहीत तर बुरशी धरतात. वाळलेली चकती उजेडासमोर टांगली की रंगीत काचेसारखी दिसते, तिला वेगळा रंग लावायची गरजच नाही.

पाइन कोन, म्हणजे पाइनच्या झाडाचं खवल्याखवल्यांचं लाकडी बोंड, हे माझं सगळ्यात आवडतं सामान. झाडावरून पडून वर्षं लोटली तरी तो ओला झाला की मिटतो आणि वाळला की उमलतो, कारण त्याच्या प्रत्येक पाकळीचे दोन थर ओलाव्याने कमी-जास्त फुगतात. मुलांना तो आधी पाण्यात बुडवायला द्यावा आणि मग उबेला ठेवून उमलताना बघू द्यावं. निम्मा धडा तिथेच होतो.

एका मुद्द्यावर मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्या कृतीत शेवटी सगळ्यावर चमकी भुरभुरायला सांगितली आहे. ही चमकी बहुतेक वेळा प्लास्टिकची असते, ती झाडून निघत नाही आणि पाण्याबरोबर वाहून जाते. युरोपीय संघाने अशा सुट्या चमकीच्या विक्रीवर ऑक्टोबर २०२३ पासून निर्बंध आणले आहेत. शिवाय सुतळीचा, लाकडाचा, पुठ्ठ्याच्या नळ्यांचा जो मूळचा पोत आहे, तोच चमकीखाली झाकला जातो. अगदीच राहवलं नाही तर ब्रश जवळजवळ कोरडा करून पांढऱ्या रंगाचा हात नुसता टोकांवरून फिरवावा. हिम पडल्यासारखं दिसतं. आज फ्रान्समध्ये असलेल्या स्ट्रासबूर शहरातल्या नाताळच्या झाडांचं १६०५ सालचं एक वर्णन उपलब्ध आहे. त्यात झाडावर रंगीत कागदाची गुलाबं आणि सफरचंदं टांगल्याचा उल्लेख आहे. काचेचे गोळे त्यानंतर खूप उशिरा आले.

म्हणून विनंती अशी की पुढच्या वर्षी हे पान डिसेंबरच्या पहिल्याच आठवड्यात छापावं आणि प्रत्येक कृतीशेजारी वाळण्याचा वेळ द्यावा. जागा अपुरी पडत असेल तर दहाऐवजी चारच वस्तू द्या. तुमचं पान समोर ठेवून २१ तारखेच्या संध्याकाळी कुणीतरी मूल कणीक मळायला बसलं असेल. त्याला २५ तारखेच्या सकाळी ओला तारा हातात घ्यावा लागू नये.

आपली,
एक निवृत्त हस्तकला शिक्षिका